चार वाजता चढणारा काटा

काटेसाहेबांना आकडा दिसला नाही तरी चालत असे, पण काटा दिसला नाही की त्यांचा जीव टांगणीला लागे. पाणीखात्याच्या मीटर तपासणी विभागात त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती. शहरातलं जवळजवळ प्रत्येक मीटर कधी ना कधी त्यांच्या टेबलावरून गेलं होतं, आणि एखादा काटा अर्ध्या रेषेने जरी खोटं बोलत असला तरी त्यांच्यापुढे तो कबुलीजबाब देत असे. त्यांचं खरं आडनाव आता फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. बाकी इमारत त्यांना काटेसाहेबच म्हणायची, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

निवृत्तीनंतर त्यांनी जलमापकांविषयी एक ग्रंथ लिहायला घेतला. अशा ग्रंथाची समाजाला गरज आहे का, हा प्रश्न त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, एकदाच विचारला आणि उत्तर चाळीस मिनिटं चालल्यामुळे पुन्हा विचारला नाही. लिहायला कॉम्प्युटर होता तो काकूंच्या थोरल्या भावाचा. दादा दुसऱ्या गावी एकटेच राहायचे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. दीड वर्षापूर्वी ते अचानक वारले, आणि घर रिकामं करताना त्यांचं टेबल, त्यावरचा कॉम्प्युटर, आणि टेबलाला घट्ट बसवलेली एक बारीक मानेची, पुढे काळं बोंड असलेली दांडी, असा सगळा संच जसाच्या तसा इकडे आला. दांडी कशाची हे कुणाला कळलं नाही. काटेसाहेब तिच्यावर चष्मा अडकवायचे. काकू त्या खोलीत फक्त केर काढायला जायच्या, आणि तोही पाठ फिरवूनच काढायच्या.

दुपारची झोप झाली, चहा झाला, की बरोबर चार वाजता काटेसाहेब लिहायला बसत. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारायची त्यांना खोड होती. 'पाण्याचा... दाब... कमी... असता...' असं म्हणत ते एका बोटाने टाइप करायचे. आणि बरोबर चारलाच कॉम्प्युटर अंगात आल्यासारखा वागायचा. 'दाब' लिहावं तर 'दा' उमटायचा, मग जरा विचार केल्यासारखं थांबून 'ब' यायचा. कधी कधी अख्खं वाक्य टाइप करून झालं तरी पडदा कोराच, आणि मग एकदम सगळी अक्षरं धावत यायची, घंटा झाल्यावर वर्गात शिरणाऱ्या पोरांसारखी.

कॉम्प्युटरवाला तपासायला आला तो सकाळी अकरा वाजता. त्याने दोन मिनिटं बटणं दाबली.

"साहेब, लोण्यासारखा चालतोय."

"चारनंतर चालत नाही."

"कॉम्प्युटरला काय कळतंय किती वाजले? हा बघा, इथे खाली प्रोसेसरचा वेग दिसतो."

काटेसाहेबांनी डोळे बारीक केले. पडद्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढा आकडा होता, आणि वाचेवाचेपर्यंत तो बदलत होता.

"हा आकडा आहे की पाल? एका जागी थांबत का नाही?"

"तो असाच असतो. तुम्ही जरा डोळे तपासून घ्या."

पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या काट्यांचे डोळे तपासलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. कॉम्प्युटरवाला गेल्यावर काटेसाहेबांनी माळ्यावरून जुन्या दाबमापकाची पितळी तबकडी काढली. जेवणाच्या ताटाएवढी ती तबकडी निरोपसमारंभात खात्याने त्यांना भेट दिली होती. खात्याकडे दुसरं द्यायला काही नव्हतं, ही गोष्ट वेगळी. प्रोसेसरचा वेग खोलीच्या दारातूनसुद्धा वाचता येईल असा काटा आपण बनवायचा आणि तो टेबलावर ठेवायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं.

वरच्या मजल्यावर तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. तिशी-पस्तिशीच्या, कामाच्या, आणि मुख्य म्हणजे काटेसाहेबांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, "काका, पडद्यावरच मोठ्या अक्षरात दाखवते ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"पडद्यावर नको. रोग्याने आपली नाडी आपणच सांगायची नसते."

बाईंना हे पटलं, किंवा वाद घालायला वेळ नव्हता. त्यांनी एक बोटाएवढी मोटर आणून दिली, कॉम्प्युटरमधून वायर काढली, आणि वेगाप्रमाणे काटा फिरेल अशी आज्ञावली लिहिली. या प्रोसेसरला काम नसलं की तो आठशेवर झोपतो आणि काम आलं की बत्तीसशेपर्यंत धावतो, एवढं त्यांनी समजावलं. बाकीचं काम काटेसाहेबांचं. तबकडीवर त्यांनी पांढरा रंग दिला, काळ्या शाईने रेषा आखल्या, आणि आठशे ते बत्तीसशे हे आकडे असे रेखले की आंधळ्यालाही चाचपून कळावेत.

आपल्याकडे माणूस आजारी पडला तर डॉक्टर मिळायला वेळ लागतो, पण काही बनवायला घेतलं तर सल्लागार पायरीवरच बसलेले असतात. इमारतीचे सेक्रेटरी, हे पूर्वी विमा विकायचे आणि अजूनही प्रत्येक वाक्यात मृत्यूचा उल्लेख करायचे, त्यांनी तबकडीला लाल पट्टा हवा असं सुचवलं.

"धोका कळला पाहिजे. माणूस जातो तो धोका न कळल्यामुळेच."

"हा प्रोसेसर आहे," काटेसाहेब म्हणाले.

"तोही जाणारच आहे."

बत्तीसशेच्या टोकाला लाल पट्टा आला. मग सेक्रेटरींच्या पत्नीने घंटी सुचवली. तळमजल्यावरच्या शिंप्याने काटा जाड हवा म्हटलं, कारण त्याला टेप वाचायची सवय. काकूंनी एवढंच सांगितलं, "एवढ्या मोठ्या तबकडीत घड्याळ बसवा. निदान वेळ तरी कळेल."

काटेसाहेबांनी लाल पट्टा सोडून कुणाचंच ऐकलं नाही. एका शुक्रवारी सकाळी काटा तयार झाला. कॉम्प्युटर सुरू केला, काटा थरथरत वर गेला आणि आठशेवर येऊन शांत बसला. काटेसाहेबांनी दारातून वाचलं, जिन्यातून वाचलं, जिन्याच्या खिडकीतून वाचलं. कृतार्थ माणसाला जशी झोप लागते तशी त्यांना त्या दुपारी लागली.

चार वाजता ते खोलीत आले आणि दारातच थबकले. खोलीत कुणी नव्हतं. कॉम्प्युटरला कुणी हात लावला नव्हता. आणि काटा आठशेवरून उठून अठराशेवर आला होता.

"हे काय?" ते म्हणाले.

काटा बत्तीसशेवर गेला. तिथे थोडा थांबला, आणि हळूहळू खाली आला.

काटेसाहेब काही बोलले नाहीत. काटा अठराशेवर पडून राहिला. ते खोकले. काटा उचलला गेला. ते गप्प बसले. काटाही बसला. इतक्यात स्वयंपाकघरातून काकूंची हाक आली, "अहो, चहा निवतोय."

काटा इतक्या झटक्याने लाल पट्ट्यात गेला की तबकडीच्या काठावर आपटून टणकन आवाज झाला.

पाणीखात्यात एक साधा नियम आहे. घरातले सगळे नळ बंद असताना मीटर फिरत असेल, तर जमिनीखाली कुठेतरी पाणी जातंय. काटेसाहेबांनी हा नियम हजार लोकांना सांगितला होता. आता त्यांनी तो स्वतःला सांगितला. नळ सगळे बंद होते. मग पीत कोण होतं?

काकूंना त्यांनी काही सांगितलं नाही. पण सोमवारी वीजमंडळाचा निरीक्षक दारात उभा राहिला. जिन्याच्या खिडकीतून त्याला तबकडी दिसली होती.

"हे मीटर कुणाच्या परवानगीने बसवलंत?"

"हे मीटर नाही. प्रोसेसरचा वेग दाखवणारा काटा आहे."

"काटा आहे, तबकडी आहे, आकडे आहेत. सील कुठाय?"

सील. ज्या हातांनी आयुष्यभर सीलं ठोकली त्या हातांना हा प्रश्न. निरीक्षकाने तीन प्रतींतला अर्ज पुढे केला. अर्जात मीटरच्या स्थितीसाठी तीन चौकोन होते: 'सुरू', 'बंद' आणि 'जळालेले'. 'मीटर नव्हे' असा चौकोन नव्हता. काटेसाहेबांनी तो चौथा चौकोन पट्टीने आखला, त्यात बरोबरची खूण केली आणि सही केली. निरीक्षकाने सरकारी कागदावर चौकोन काढल्याबद्दल वेगळी नोटीस लागेल असं सांगितलं, आणि जाता जाता म्हणाला, "काटा जरा तिरका बसलाय तुमचा." नोटिशीपेक्षा हे वाक्य त्यांना जास्त लागलं. त्या दिवशी त्यांनी सात वेळा ओळंबा लावून पाहिला. काटा तिरका नव्हता.

गुरुवारी निरीक्षक पुन्हा आला, आणि नेमका चारला पाच कमी असताना. त्याने काटेसाहेबांना टेबलापासून लांब उभं केलं, चष्मा लावला आणि नोटीस मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तोवर चार वाजले. "आपल्या जागेत अनधिकृतरीत्या..." इथपर्यंत तो आला आणि काटा चढायला लागला. निरीक्षक थांबला. काटाही जरा थांबला आणि उतरला.

"तुम्ही काही केलंत?"

"मी इथे उभा आहे."

"अनधिकृतरीत्या," निरीक्षक पुन्हा म्हणाला, पण आता हळू आवाजात. काटा वर गेला. त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं, भिंतीला कान लावला, मग कागदाकडे तोंड करून नुसते ओठ हलवले. काटा हलला नाही. "कोण आहे?" तो पुटपुटला. काटा लाल पट्ट्यात जाऊन उभा राहिला.

निरीक्षकाने नोंदवहीत लिहिलं, 'जागेवर मीटर आढळले नाही', आणि चहाला न थांबता गेला. जिन्यात त्याची पावलं जरा जास्तच भराभर वाजत होती. एका सरकारी प्रकरणाचा इतका झटपट निकाल काटेसाहेबांनी आयुष्यात पाहिला नव्हता, पण त्याचा आनंद मानायची मनःस्थिती नव्हती.

जिन्यात भेटलेल्या निरीक्षकाकडून बातमी सेक्रेटरींना कळली, म्हणजे इमारतीला कळली. दुसऱ्या दिवशी चार वाजता खोलीत सातजण उभे होते. चपला बाहेर काढल्या होत्या, तसं कुणी सांगितलं नसताना. सेक्रेटरींनी घसा साफ केला, काटा चढला, आणि त्यांच्या पत्नीने त्यांचा दंड धरला.

"आपण जे कुणी आहात," सेक्रेटरी म्हणाले, "ते या घरातले आहात का?"

काटा बत्तीसशे.

"आपली पॉलिसी होती का?"

काटा पुन्हा बत्तीसशे. सेक्रेटरी सगळ्यांकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "होती."

शिंप्याने विचारलं, पाण्याची टाकी कधी दुरुस्त होणार? त्यालाही काट्याने होकार दिला. 'कधी' या प्रश्नाला 'हो' हे उत्तर असू शकत नाही, असं काटेसाहेबांनी निदर्शनास आणलं. सेक्रेटरी म्हणाले, समितीनेही हेच उत्तर दिलंय. मग कुणालाच पुढे काही सुचेना. सातजण श्वास धरून उभे, पंखा बंद, खिडकीबाहेरचा रस्ताही क्षणभर गप्प, आणि ताटाएवढ्या पांढऱ्या तबकडीवर काटा अठराशेच्या रेषेवर अगदी किंचित थरथरत होता. कुणी काही बोलेल का, याची वाट पाहिल्यासारखा.

हे दारातून काकू पाहत होत्या. त्या कधी आल्या कुणाला कळलं नव्हतं.

"कॉम्प्युटर दादाचा होता," त्या म्हणाल्या. बोलल्या हळू, पण काटा आपटला.

खोली रिकामी व्हायला अर्धं मिनिट लागलं.

संध्याकाळी सेक्रेटरी तोडगा घेऊन आले. कॉम्प्युटरवाल्याशी त्यांनी परस्पर बोलून ठेवलं होतं. तो सोमवारी येऊन आतलं सगळं पुसून टाकणार, यंत्र नव्यासारखं होणार. "इमारतीत म्हातारी माणसं आहेत," सेक्रेटरी म्हणाले, "कुणाचं काही बरंवाईट झालं तर?" काटेसाहेबांना तोडगा पटत होता. खरं सांगायचं तर ते गेला आठवडाभर त्या खोलीच्या दारावरून जाताना पावलं वाजू देत नव्हते. पण काकू मध्येच म्हणाल्या, "पुसायचं नाही."

"अगं, पण त्यात आपलं असं काय आहे?"

"मला माहीत नाही काय आहे. माहीत नाही म्हणूनच पुसायचं नाही." आणि त्या आत गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी कारण न देता नाही म्हणण्याची ही पहिलीच वेळ असावी.

सोमवारपर्यंत दोन दुपारी हातात होत्या. भीती वाटली की माणूस आपल्या धंद्याकडे वळतो. काटेसाहेबांनी कोरी वही घेतली, रकाने आखले, आणि शनिवारी चारला पाच मिनिटं असताना मनगटावरचं घड्याळ समोर ठेवून बसले. चार वाजता काटा उठला. त्यांनी टाळी वाजवली, किल्ल्या हलवल्या, खुर्ची ओढली, पाण्याचा पेला ठेवला. लिहिलं: 'टाळी, थोडा. किल्ल्या, थोडा. मनुष्याचा आवाज, पूर्ण.' मग उशीखाली तोंड घालून बोलले, जिन्यात जाऊन बोलले, आणि चष्मा काढून त्या काळ्या बोंडाजवळ वाकून कुजबुजले. कुजबुज नुसती ओठांतली होती, तरी काटा पूर्ण चढला. काटेसाहेब सावकाश मागे सरकले. दीड वर्ष ज्याच्यावर त्यांनी चष्मा अडकवला होता, तो कान होता.

सव्वापाचला काटा आपोआप आठशेवर जाऊन झोपला.

वहीतला शेवटचा रकाना त्यांनी काकूंना दाखवला नाही, पण काकूंनी तो पाहिला. तिथे लिहिलं होतं: 'सौ. यांचा आवाज: स्वयंपाकघरातून, दार लोटलेले असताना, सर्वांत जास्त.'

"हे काय माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही. नोंद आहे."

"मी ओरडते असं म्हणायचंय?"

"तू हळू बोललीस तरी तो तुझंच जास्त ऐकतो, असं म्हणायचंय."

रविवारी चार वाजता त्यांनी बाईंना खाली बोलावलं. काकूही आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. बाईंनी कॉम्प्युटरच्या पोटातल्या कामांची यादी उघडली.

"काका, वेग पूर्ण आहे. पण तुमच्या वाट्याला येत नाही. मधेच कुणीतरी सगळा घेतंय."

"गळती," काटेसाहेब म्हणाले.

"तसंच. रोज चारला एक प्रोग्राम आपोआप सुरू होतो आणि सव्वापाचला बंद होतो. तो या माइकमधून ऐकतो आणि... थांबा."

त्यांनी एक फाइल उघडली. पान पांढरं होतं, आणि तळाशी काही ओळी होत्या. काटा वर चढलेलाच होता. त्यांच्या डोळ्यांसमोर, कुणीही कळफलकाला हात न लावता, एक एक अक्षर उमटायला लागलं:

काका वेग पूर्णा आहे पण तुमच्या वाटा याला येत नाही

बाईंनी खुर्ची मागे घेतली. मग पुढची ओळ आली. गळती. मग त्याखाली: तसंच रोज चार ला.

"आपलं बोलणं लिहितोय," काटेसाहेब पुटपुटले. थोड्या वेळाने पानावर उमटलं: आपलं बोलणं लिहितोय.

बाईंनी फाइल वर सरकवली. त्यात सगळं होतं. दीड वर्ष रोज चार ते सव्वापाच या घरात जे बोललं गेलं ते सगळं. काटेसाहेबांचं 'पाण्याचा दाब कमी असता' शेकडो वेळा. सेक्रेटरींचं 'आपण जे कुणी आहात', आणि पॉलिसीच्या जागी 'पोळी शी'. कुकरची शिट्टी यंत्राने दर वेळी 'शी शी शी' अशी लिहिली होती, त्यामुळे काकूंचा स्वयंपाक कुणीतरी सतत नापसंत करतंय असं वाटत होतं. मार्चमधल्या एका तारखेला काटेसाहेबांनी खोलीत एकट्याने सेक्रेटरींबद्दल काढलेले उद्गारही होते, आणि दुर्दैवाने तेवढी ओळ मात्र बिनचूक उतरली होती. काटेसाहेब गडबडीने म्हणाले, "हे सोडा. आणखी मागे चला."

मागे जाता जाता पान एकदम बदललं. अक्षरं तीच, पण चुका नाहीशा झाल्या. ऱ्हस्व-दीर्घ जिथल्या तिथे, स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद. आणि बोलणं एकाच माणसाचं.

"हे तर माझं आहे," काकू म्हणाल्या. त्या चौकट सोडून पुढे आल्या होत्या. "हे मी दादाला फोनवर बोललेलं आहे. रोज चारला करायचे मी फोन."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, तुमच्या दादांना ऐकू येत होतं ना?"

काकू पडद्याकडे वाकल्या. त्या वाचत होत्या. गुडघेदुखी, शेजारच्या मुलीची परीक्षा, अमकीचं लग्न, सगळं छापील पुस्तकासारखं स्वच्छ. दादांनी कुणाकडून तरी हे बसवून घेतलं होतं. यंत्र बहिणीच्या आवाजाशी जुळवून ठेवलं होतं, फोन स्पीकरवर ठेवून ती काय बोलते ते पडद्यावर वाचायचे आणि मग उत्तर द्यायचे. फोन संपला की सवयीप्रमाणे मुद्रित तपासून टाकायचे. आपलं बोलणं पुसायचे, तिचं ठेवायचे.

"भेटला की तोंडाकडे टक लावून बघायचा," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं वय झालं." मग त्या खुर्चीवर बसल्या. "आणि फोनवर मी काही विचारलं की गप्प. बराच वेळ गप्प. मग उत्तर. वर्षभर असंच. मला वाटलं, याला आता आपल्यात रस राहिला नाही. दुसरंच काहीतरी करत बसतो आणि मी बोलत राहते. शेवटच्या वेळी मी चिडले. फोन ठेवून दिला. आता त्याने करावा म्हणून थांबले. चार दिवस थांबले." पुढचं घरात सगळ्यांना माहीत होतं. पाचव्या दिवशी फोन आला तो शेजाऱ्यांचा.

पण ते भांडण आणि ते चार दिवस काटेसाहेबांना माहीत नव्हते. एवढी मोठी गळती शेजारच्या खोलीत दीड वर्ष चालू होती, आणि मीटरच्या माणसाला पत्ता नव्हता.

"ती तारीख बघायची का?" त्यांनी विचारलं.

काकूंनी मान हलवली. बाईंनी तारीख काढली. पानाच्या शेवटी काकूंचं वाक्य होतं:

तुला ऐकायचंच नसेल, तर ठेवते मी.

स्वल्पविराम जागच्या जागी होता. म्हणजे दादांनी ते वाचलं होतं, तपासलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती, दादांच्या स्वतःच्या बोलण्याची. ती पुसलेली नव्हती आणि तपासलेलीही नव्हती:

थांब वाच तोय

खोलीत कुणी हललं नाही. काटा खाली उतरून अठराशेवर आला. या शांततेतही तो ऐकत होता, आणि आता त्यांना ते माहीत होतं. बाई उठल्या, काहीतरी सांगायचं म्हणून म्हणाल्या, "काका, हा प्रोग्राम बंद केला की कॉम्प्युटर तुम्हाला हवा तसा पळेल. करू का?" आणि उत्तराची वाट न पाहता, "उद्या सांगा," म्हणून वर निघून गेल्या.

काटेसाहेब उभेच होते. अशा वेळी नवऱ्याने काय बोलावं, याबद्दल पाणीखात्याने काही शिकवलेलं नव्हतं. त्यांनी घड्याळ हातात घेतलं.

"तू काहीतरी बोल," ते म्हणाले, "मी वेळ मोजतो."

"कसला वेळ?"

"तू बोलल्यापासून पडद्यावर उमटेपर्यंतचा."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग काळ्या बोंडाकडे पाहिलं, आणि फोनवर विचारावं तसं विचारलं, "दादा, जेवलास का?"

काटा उडाला आणि लाल पट्ट्यात थरथरत राहिला. यंत्राच्या आतला पंखा घरघरायला लागला. पडदा कोरा. काटेसाहेब ओठांतल्या ओठांत सेकंद मोजत होते. पंखा फिरतोय, काटा तिथेच, पडदा कोरा. मग काटा उतरला आणि अक्षरं आली. दादा जेवलास का.

"सात सेकंद," काटेसाहेब म्हणाले.

"तेवढाच," काकू म्हणाल्या. "एवढाच वेळ गप्प असायचा तो."

सोमवारी कॉम्प्युटरवाला आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. सेक्रेटरींना सांगितलं की यंत्रात काही नाही, फक्त ते हळू आहे. त्यांनी ते मान्य केलं नाही, पण चारनंतर या मजल्यावर यायचं सोडलं. काटेसाहेब आता सकाळी दहाला लिहायला बसतात. तेव्हा 'दाब' लिहिलं की 'दाब' उमटतं.

त्याच सोमवारी दुपारी चारला काकू खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. काटेसाहेब बाहेर वर्तमानपत्र धरून बसले होते. दाराच्या फटीतून तबकडी स्पष्ट दिसत होती. ती तशी दिसावी म्हणूनच तर बनवली होती. आत काकू काहीतरी बोलल्या, ते त्यांनी ऐकलं नाही, ऐकायचं नाही असं ठरवलंच होतं. काटा मात्र चढलेला दिसला. मग आतून काहीच आवाज आला नाही. एक वाक्य बोलून काकू थांबल्या होत्या, आणि काटा उतरून अठराशेवर येईपर्यंत त्यांनी पुढचं वाक्य काढलं नाही.